लायगोचे 2600 कोटी आणि ‘याचा उपयोग काय?’

वसमतकर :
काल आमच्या जिल्ह्याच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरत होती. औंढ्याजवळ लायगोवर, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडायच्या प्रयोगशाळेवर, 2600 कोटी घालण्यापेक्षा तेवढ्यात गावोगाव पाणी आलं असतं, हे प्राध्यापक लोक आयुष्यभर सरकारच्या पैशावर पेपर लिहितात आणि ते कुणी वाचत नाही, अशी. खाली अंगठ्यांची रांग. दोन ओळीत उत्तर देऊन भागणारं नव्हतं म्हणून इथे लिहितोय.

पाण्याचं म्हणाल तर केंद्राने लायगोला पैसे मंजूर केले एप्रिल 2023 मधे. त्याच्या आधी पन्नास वर्षं लायगो नव्हता, तेव्हा कुठे आलं होतं पाणी? चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, त्यात लेसर, आणि दूर कुठे दोन कृष्णविवरं आपटली की उठणारी गुरुत्वीय लहर त्यातून गेली की लांबीत जो फरक पडतो तो प्रोटॉनच्या हजाराव्या भागापेक्षा कमी. एवढं बारीक मोजायचं तर आरसे, निर्वात, कंपन थोपवणं हे सगळं करता येणारी माणसं लागतात, ती आपल्याकडे घडतील. आणि यात आपण उपरे नाही, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गोंगाटातून असा सिग्नल कसा ओळखायचा याचं गणित कित्येक वर्षं आधी केलं, मग 14 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेतल्या लायगोत तो पहिला सिग्नल सापडला.

लगेच उपयोगाचं हवंय? तेही घ्या. गोव्याच्या ‘संगत’ या संस्थेने अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ नावाचं काम केलं, गावातल्याच साध्या माणसांना शिकवून नैराश्य ओळखायला आणि बोलायला लावलं. आधी नैराश्य असलेल्या शंभरातले चार-पाच जण मदत घ्यायचे, दीड वर्षात ते सत्तावीसवर गेलं. हे कुणीतरी मोजलं, पेपर लिहिला, म्हणून आज मला सांगता येतंय.

मुक्काम नांदेड :
ती पोस्ट पुढे पाठवणाऱ्यात मीही होतो, तर ऐका. 21 मार्च 2024 ला सकाळी सहाच्या सुमाराला आमच्या घरातली भांडी खाली आली, 4.5 चा भूकंपाचा धक्का. 10 जुलैला परत तेवढाच. आणि वसमत तालुक्यात पांगरा शिंदेकडे वर्षानुवर्षं जमिनीतून आवाज येतात, तुम्ही वसमतकर म्हणवता तेव्हा तुम्हाला माहीतच असणार. माझी आई तिथे जवळच राहते, आवाज आला की अंथरूण अंगणात आणते. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आपटली ते तुम्ही शेजारच्या तालुक्यात बसून मोजणार आणि आईच्या खाटेखाली काय गुरगुरतंय ते तिला समजेल असं येऊन सांगायला कुणी नाही. मला फिजिक्सचा राग नाहीये, याचा आहे.

वसमतकर :
आवाज मीही ऐकलेत, लहानपणापासून. पण तुम्ही जे मागताय ते संशोधन बंद करा असं नाहीये, अजून करा असं आहे. मग ‘फुकटखाऊ प्राध्यापक’वाली पोस्ट पुढे का पाठवली?

कॉमर्सवाली :
फिजिक्सचं बाजूला ठेवा, ‘पेपर कुणी वाचत नाही’ हे खरं आहे आणि मी ते आतून सांगते. माझी पीएचडी 2018 ची, वाणिज्य, एका तालुक्यातल्या पतसंस्थांचा ‘चिकित्सक अभ्यास’. तीनशे प्रश्नावल्या होत्या, त्यातल्या निम्म्या मैत्रिणीच्या घरी एका संध्याकाळी आम्हीच वेगवेगळ्या पेनांनी भरल्या. पेपर छापायला दोन हजार भरले, चार दिवसात छापून आला, कुणी एक स्वल्पविराम बदलायला सांगितला नाही.

नारायणगावकर :
हे वाचून डोकं फिरलं. तुम्ही खोटा डेटा भरलात आणि त्या जोरावर नोकरी करताय, मग लोक आम्हाला सरसकट शिव्या देतात त्यात नवल काय? आमच्याकडे खोडदला आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीच्या 45 मीटरच्या तीस डिश आहेत, शास्त्रज्ञ गोविंद स्वरूपांनी तारांची जाळी ताणून त्या स्वस्तात उभ्या केल्या. जून 2023 मधे जगभरातल्या गटांनी गुरुत्वीय लहरींच्या मंद गुणगुणीचे पुरावे मांडले त्यात तिथली वर्षानुवर्षांची निरीक्षणं आहेत. एक आकडा चुकला तर माणसं रात्र रात्र बसतात. तुमच्यासारख्यांमुळे ही माणसं बदनाम होतात.

कॉमर्सवाली :
नोकरी नाहीये, तासिका तत्त्वावर आहे, तेवढं नीट वाचा. आणि खोटं का भरलं ते विचारायचंत तरी. पेपर छापल्याशिवाय प्रबंध देता येत नाही हा नियम होता. प्राध्यापकाची बढतीही पेपर मोजून. लाखो माणसांना एकदम छापायला लावलं की छापखाने निघणारच, 2018 ला यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, स्वतःच्याच यादीतून 4305 जर्नल्स काढली, म्हणजे तोपर्यंत ती मान्य होती! नोव्हेंबर 2022 ला तो नियमच गेला, आमचे पैसे जाऊन झाल्यावर.

आणि तुमच्या त्या विश्रामबद्दल, चांगलंच आहे, पण शेतकऱ्याचं मन मोजणाऱ्या पोराचं मन कोण मोजतं? माझी फेलोशिप आठ महिने तुंबली होती. खोलीचं भाडं भावाने भरलं. गाईडच्या घरच्या लग्नात मी पंगतीत जिलबी वाढलीय, नाही म्हटलं असतं तर सही लांबली असती. त्या वर्षी मी झोपेच्या गोळ्यांवर होते आणि घरी सांगायचे की अभ्यास चाललाय. या अवस्थेत तीनशे दारं वाजवायला कोण जाणार? चूक माझीच आहे, ती मी इथे कबूल केलीय, तुमच्या आधी.

नारायणगावकर :
जिलबीचं वाचलं. माझ्या बहिणीने गाईडच्या मुलाच्या दहावीच्या शिकवण्या घेतल्यात दोन वर्षं, फुकट. प्रश्नावल्यांचं मला पटणार नाही, कधीच नाही. पण सगळा राग तुमच्यावर काढला ते चुकलं.

घाटमाथा :
सगळे एकमेकांवर तुटून पडलाय. पैसे भरून छापलेलं कुणी वाचत नाही, ठीक. पण सरकारने स्वतः मागवलेलं? पश्चिम घाटाचं पर्यावरण कसं जपायचं याचा गाडगीळ समितीचा अहवाल ऑगस्ट 2011 ला दिला, तो लोकांसमोर यायला 2012 चा मे उजाडला, त्यासाठी कोर्टात जावं लागलं. मग दुसरी समिती बसवून संरक्षित भाग 37 टक्क्यांवर आणला, आणि त्याच्याही मसुद्यामागून मसुदे. सहावा निघाला 31 जुलै 2024 ला, वायनाडला डोंगर कोसळला त्याच्या दुसऱ्या दिवशी. आमच्या गावच्या सरपंचाने तो अहवाल न उघडता त्याच्याविरुद्ध ठराव केला, कारण कुणीतरी सांगितलं की घर बांधता येणार नाही, विहीर खोदता येणार नाही. मी ग्रामसभेत उठून बोललो तर मलाच बाहेरच्यांचा दलाल म्हणाले, माझ्या चुलत्यासकट. मी त्यातली काही पानं मराठीत आणून वाचून दाखवली तेव्हा चुलता म्हणाला, यात तर ग्रामसभेला विचारूनच ठरवा असं लिहिलंय. आधी का नाही सांगितलं?

मुक्काम नांदेड :
हेच तर मी म्हणतोय, आधी का नाही सांगितलं!

वसमतकर :
हे मात्र मला मान्य करावं लागेल. मी वर एवढं लिहिलं पण लायगोबद्दल आमच्या गावात मराठीत चार वाक्यं सांगायला मी स्वतः कधी गेलो नाही.

नारायणगावकर :
खोडदला विज्ञान दिनाच्या आसपास दारं उघडी असतात. मी सातवीत असताना शाळेच्या टेम्पोतून गेलो होतो. एक संशोधक ताई मला सूर्यफुलाच्या उदाहरणाने डिश कशी वळते ते सांगत होती, तिला मी विचारलं पाऊस आला तर आकाश ऐकू येतं का. तिने अर्धा तास दिला मला. तिच्यामुळे मी बीएस्सीला फिजिक्स घेतलं.

मुक्काम नांदेड :
ठीक आहे, होऊ द्या तुमचा लायगो. पोस्ट मी काढतो ग्रुपवरून, पण मत पूर्ण बदललेलं नाही. तिथे दारं उघडतील त्या दिवशी आईला वसमतहून एसटीने घेऊन येईन. ती कृष्णविवराचं विचारणार नाही, खाली काय वाजतंय ते विचारेल. समोरच्याने नीट उत्तर द्यायचं, मराठीत, आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं.