मदत हवी आहे: श्टुटगार्टहून ऑस्ट्रिया, इटली, स्वित्झर्लंड गाडीने. बाबांना स्टिअरिंग द्यावं का?

नमस्कार मंडळी,

मेच्या अखेरीस आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे श्टुटगार्टला येताहेत. आमच्याच गाडीने फिरायचं ठरलंय. जाताना उल्म, केम्प्टन, फर्नपास, इन्सब्रुक, ब्रेनर (ऑस्ट्रिया-इटली सीमेवरचा घाट), बोल्झानो आणि फ्लॉरेन्स. येताना मिलानला बाहेरून वळसा घालून कोमो, गॉटहार्ड, ल्युसर्न, बाझल, थोडं फ्रान्समधलं कोलमार आणि घर.

नियम वाचून झालेत, त्यामुळे कुठे स्पीड लिमिट किती हे विचारत नाहीये. मला हवंय ते तिथे गाडी चालवलेल्या माणसाकडूनच कळणारं: समोरचा ड्रायव्हर तुमच्याकडून काय धरून चाललेला असतो? कारण बाबांची मनापासून इच्छा आहे की काही टप्पे त्यांनी चालवावेत.

बाबांच्या हाताबद्दल मला शंका नाही. पुणे-कोल्हापूर हा त्यांचा नेहमीचा रस्ता, वरंध आणि आंबेनळी घाटात ते शांतपणे चालवतात. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परमिट काढलंय. ते वर्षभर चालतं आणि मूळ लायसन्स सोबत लागतं. इन्शुरन्सचं मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवा. जर्मनीत पॉलिसीवर गाडी कोण कोण चालवणार हे बहुतेक वेळा नोंदवलेलं असतं. आमच्यावर फक्त माझं आणि बायकोचं नाव होतं. बाबांचं नाव तेवढ्या काळापुरतं घालून घेतलंय.

माझी खरी काळजी आहे ती डिपरची. आपल्याकडे डिपर मारला म्हणजे "मी येतोय, तू थांब". अरुंद पुलावर, ओव्हरटेक करताना, चौकात, सगळीकडे हाच अर्थ. इथे आमच्या भागात दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात आणि मधून एकच गाडी जाऊ शकते. तिथे समोरच्याने डिपर दिला की त्याचा अर्थ "या, तुम्ही आधी". बाबा तिथे थांबून राहतील आणि समोरचाही थांबून राहील, इथवर ठीक आहे. पण बाबांनी आपल्या सवयीने "मी येतोय" म्हणून डिपर दिला, तर समोरचा निर्धास्तपणे पुढे येईल. त्याची मला धास्ती वाटते. ऑटोबानवर, म्हणजे इथल्या हायवेवर, मागून दिलेला डिपर म्हणजे "डावी लेन सोडा", आणि अगदी जवळ येऊन तो देत राहिलात तर इथे गुन्हा दाखल होऊ शकतो. ऑफिसातले इटालियन सहकारी म्हणतात की त्यांच्याकडे डिपरचा अर्थ आपल्यासारखाच आहे. म्हणजे ब्रेनर ओलांडलं की अर्थ उलटा होतो? इटलीत नेहमी चालवणाऱ्यांनी हे कृपया सविस्तर सांगा.

दुसरी गोष्ट उजवीकडून येणाऱ्याची. जर्मनीत वस्तीतल्या ताशी तीसच्या झोनमध्ये चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणारा आधी जातो, मग तो कितीही छोट्या गल्लीतून येवो. आमच्या घराजवळच्या उतारावर गल्लीतून गाड्या सरळ बाहेर येतात; ड्रायव्हर डावीकडे बघतही नाही, कारण तुम्ही थांबणारच हे त्याने गृहीत धरलेलं असतं. "मोठ्या रस्त्यावरची गाडी आधी" हे ज्याच्या अंगात मुरलंय त्याने हे कसं सवयीचं करायचं? फ्रान्समध्येही हाच नियम आहे. कोलमार ज्या भागात आहे त्या अल्सासच्या गावांत तो कितपत पाळतात? फ्रान्समधल्या दुपदरी रस्त्यांवर २०१८ पासून ८०ची मर्यादा आली आणि काही जिल्ह्यांनी ती पुन्हा ९० केली, म्हणून पाट्या बघतच जावं लागेल.

लेनचंही तसंच. जर्मनीत हायवेवर उजवीकडून ओव्हरटेक करणं चूक. स्वित्झर्लंडमध्ये २०२१ पासून दाट ट्रॅफिकमध्ये उजव्या लेनने सरळ पुढे निघून जायला परवानगी आहे. मात्र ओव्हरटेक करण्यासाठी उजवीकडे घुसून लगेच परत डावीकडे येणं तिथेही चालत नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर मिळेल त्या बाजूने पुढे जाणाऱ्या माणसाला हा बारीक फरक ऐन गर्दीत सांगत बसता येणार नाही. स्वित्झर्लंड मी स्वतःकडेच ठेवावं असं मला वाटतं. तिथले दंडही कडक आहेत: ५०च्या रस्त्यावर मर्यादेपेक्षा ५० किलोमीटर किंवा त्याहून जास्त वेगाने (म्हणजे १०० किंवा त्यावर) पळवली तर थेट तुरुंगाची तरतूद आहे.

घाटाबद्दल मी निश्चिंत आहे. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हे आल्प्समध्येही आपल्या घाटांसारखंच. एकच नवीन गोष्ट म्हणजे स्वित्झर्लंडच्या डोंगरी रस्त्यांवरची पिवळी पोस्टबस. निळ्या पाटीवर पिवळं शिंग दिसलं की त्या रस्त्यावर बसचा ड्रायव्हर सांगेल तसं करायचं. बस वळणाआधी तीन सुरांचा हॉर्न देते. बाबांना ते ऐकायला आवडेल.

टोलचं माझ्या समजुतीप्रमाणे लिहितो, चुकलं तर सांगा. इन्सब्रुकच्या बाजूच्या मोटरवेला ऑस्ट्रियाचं व्हिनिएट (मोटरवे वापरायचा पास) लागतं. ब्रेनरच्या टप्प्याचा टोल वेगळा. इटलीत तिकीट घ्यायचं आणि बाहेर पडताना पैसे भरायचे. पिवळ्या पाटीच्या टेलिपास (आपल्या फास्टॅगसारखं) लेनमध्ये शिरायचं नाही. स्वित्झर्लंडचं ४० फ्रँकचं व्हिनिएट वर्षभराचंच मिळतं, गॉटहार्डच्या बोगद्याला वेगळे पैसे नाहीत.

आता फ्लॉरेन्स. जुन्या शहरात बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला झोन आहे, कॅमेरे नंबरप्लेट टिपतात आणि परदेशातल्या गाडीमालकाला नोटीस पाठवायला इटलीत ३६० दिवसांची मुदत आहे. हॉटेल झोनच्या आत आहे. हॉटेलवाले आमचा नंबर पालिकेकडे कळवतो म्हणतात, पण मला तोंडी भरवशावर जायचं नाही. त्यापेक्षा मोटरवेवरूनच थेट शिरता येणाऱ्या व्हिला कोस्तान्झाच्या पार्किंगमध्ये गाडी ठेवून ट्रामने शहरात जावं असा विचार आहे. आईचे गुडघे दुखतात. पार्किंगपासून ट्रामपर्यंत किती चालावं लागतं?

आणि गॉटहार्ड. सुमारे १७ किलोमीटरचा बोगदा, एकच नळी, दोन्ही दिशांची वाहतूक. सुट्ट्यांच्या दिवसांत तिथे लांबलचक रांगा लागतात. मेअखेरीस वरचा घाटरस्ता उघडलेला असेलच असं नाही. त्याऐवजी सान बेर्नार्दिनोच्या दुसऱ्या डोंगरवाटेवरून कोणी गेलंय का? लहान मूल आणि वयस्कर माणसं असताना तो वळसा परवडतो का?

भर: इतक्या झटपट उत्तरं दिलीत, मनापासून आभार. काहींनी विचारलंय म्हणून: गाडी ऑटोमॅटिक आहे, त्यामुळे उजव्या हाताने गिअर टाकायचा प्रश्न नाही. पण इंडिकेटर डावीकडे आणि वायपर उजवीकडे, म्हणजे पुण्यातल्या गाडीच्या बरोबर उलट. वळताना वायपर सुरू होणार आणि मागच्याला इंडिकेटर दिसणारच नाही. सरावाच्या मैदानाची सूचना फार उपयोगी पडली. इथे पैसे भरून आपली गाडी बंदिस्त रस्त्यांवर फिरवता येते. बाबा आल्यावर आधी तिथेच जाऊ.

बहुतेकांचं मत उल्म ते केम्प्टन हा सरळ टप्पा बाबांना द्यावा असं पडलं, आणि मलाही ते पटतंय. त्या रस्त्याने जाणाऱ्यांना विचारतो: शनिवारी सकाळी तिथे गर्दी कितपत असते? जॅम लागला की रुग्णवाहिकेसाठी सगळ्यात डावी लेन डावीकडे आणि बाकीच्या उजवीकडे सरकतात, ते बाबांना आधी कागदावर काढून दाखवणार आहे. ब्रेनरनंतर इटलीत जॅममध्ये लोक नेमकं काय करतात, याचं उत्तर मात्र अजून कोणाकडून आलेलं नाही.