ओव्हनचा प्रोब ७४ दाखवतो, तरी कोंबडी कच्ची?

प्रश्न: दीड किलोची अख्खी कोंबडी, ओव्हन १८० अंशांवर, प्रोब (ओव्हनला वायरने जोडलेली, मांसात खुपसायची तापमापक सळई) छातीत. अर्ध्या तासातच ७४ अंश (कोंबडी शिजल्याचं तापमान) होऊन ओव्हन बंद! मांडीतून मात्र लालसर रस. प्रोब बिघडला का?

उत्तर १: टोक पोटाच्या पोकळीत निघालं असणार, मग तिथली गरम हवाच मोजली जाते. मांडी धडाला मिळते तिथल्या जाड मांसात खुपसा, हाडाला टेकवू नका. आकडा टोकापाशीच घेतला जातो, दांडा कितीही आत असो.

उत्तर २: प्रोब तपासायचा तर उकळत्या पाण्यात. बर्फाच्या पाण्यात शून्य येतं का बघायचा उपाय इथे चालत नाही, कारण बरेच ओव्हन ३० अंशांखालचं दाखवतच नाहीत. थंड ओव्हनच्या जाळीवर उकळत्या पाण्याचा पेला ठेवून लगेच टोक बुडवा. पुण्यात ९८च्या आसपास यायला हवं. १०० नाही आलं म्हणून घाबरू नका, उंचीचा परिणाम. प्रोबचा ओव्हनमध्ये खोचायचा प्लग भिजवू नका, ओल गेली की आकडे उड्या मारतात.

उत्तर ३: नुसत्या रंगावर जाऊ नका, हाडाजवळ ७४ नंतरही लाली राहते. दोन-तीन ठिकाणी टोचून बघा. आणि ग्रिल लावण्याआधी प्रोब काढा, वायर करपते.