प्रतिसाद: मशीनचं ठीक, पण एन्झाइमचं काय?

डीएनएमधल्या अक्षरांचा (बेसचा) क्रम वाचायची सँगर पद्धत १९७७ पासून तीच आहे, सुधारली ती फक्त मशीनं, असं वर लिहिलंय ते अर्धंच पटतं. रेडिओॲक्टिव्ह जेल जाऊन रंगीत डाय आणि कॅपिलरी (केसासारख्या बारीक नळ्या) आल्या हे खरंच, पण एन्झाइमकडे कोणी बघतच नाहीये. डीएनएची वाढती साखळी थांबवणारा डायडीऑक्सी न्यूक्लिओटाइड, म्हणजे ज्याला पुढची कडी जोडायला लागणारा ओएच गटच नाही, तो डीएनएची साखळी जोडणाऱ्या साध्या टॅक पॉलिमरेझ या एन्झाइमला अजिबात आवडत नाही, समोर तो आणि नेहमीचा न्यूक्लिओटाइड दोन्ही असले की नेहमीचाच उचलणार, त्यामुळे डायडीऑक्सी ढीगभर ओता आणि तरी पीक्स (आलेखातले सुळके, एका अक्षराला एक) कुठे ताडमाड कुठे बुटके.

टॅबर आणि रिचर्डसन या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवलं की टॅकमधलं ६६७ नंबरचं अमिनो आम्ल फेनिलॲलनिन काढून तिथे टायरोसिन बसवलं की ही नावड जवळपास जाते. या दोन अमिनो आम्लांत फरक काय, तर एका ओएचचा! (टी७ फाज या जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूच्या पॉलिमरेझमध्ये त्या जागी टायरोसिन आधीपासूनच असतं.) सायकल सिक्वेन्सिंगच्या (तापवत-गार करत हीच प्रक्रिया पुन्हा पुन्हा करायच्या) किटमध्ये मग याच जातीचं टॅक आलं आणि पीक्स बरेच सुधारले, फक्त सुरुवातीच्या डाय टर्मिनेटर (रंग थेट डायडीऑक्सीलाच लावलेल्या) किट्समध्ये ए या अक्षरानंतरच्या जीचा पीक तरीही बारीकच यायचा, तिथे बेस कॉल (मशीनने ओळखलेलं अक्षर) डोळ्यांनी तपासावा लागायचा.