डिसेंबरचं तिकीट: लंडनच्या हीथ्रोला २५ तारीख येतेय, ठेवू की रद्द करू?

मनीषा, मंगळवार, सकाळी ७.४०

नमस्कार मंडळी,

घाईत लिहितेय. चौघांची तिकिटं काल रात्री घेतली. थेट एअरलाइनकडून घेतल्यामुळे २४ तासांत फुकट रद्द करता येतात, म्हणजे आज रात्री नऊपर्यंत काय ते ठरवायचंय. नेवार्कहून २४ डिसेंबरला रात्री निघायचं, २५ ला सकाळी हीथ्रो, आणि २६ ला सकाळी तिथून मुंबई. मध्ये बावीसेक तास. २२ किंवा २३ ला निघालं तर चौघांचे मिळून हजार डॉलर तरी जास्त जातात. २९ ला रत्नागिरीत सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन आहे, त्यामुळे याहून उशीर चालणार नाही.

थांबा मुद्दाम घेतलाय. धाकटीच्या वर्गात 'ऑलिव्हर ट्विस्ट' चालू आहे, तिला डिकन्सचं घर बघायचंय. मला बाबासाहेबांचं. एका दिवसात दोन्ही होतं का? नाताळात कोणी लंडनला थांबलंय का? मुलं १२ आणि १५. निखिलचा पासपोर्ट भारतीय, ग्रीन कार्ड आहे. आम्ही तिघं अमेरिकन.

मनीषा

---

बापूकाका, ८.१५

मनीषा, सगळं एका तिकिटावर घ्यायचंच कशाला? नेवार्क-लंडन वेगळं घे, लंडन-मुंबई वेगळं घे. मध्ये हवे तितके दिवस राहा. नेवार्क-लंडनचे दर कधीकधी न्यूयॉर्क-शिकागोच्या बरोबरीला येतात. हे मी पिकनिकला कोळशावर कणसं भाजताना सगळ्यांना सांगितलं होतं, तेव्हा सगळ्यांचं लक्ष कणसांकडे. आम्ही दोघं असंच गेलो होतो. लंडनच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला जेवलो, एका सदस्यांकडे मुक्काम केला, हॉटेलचा खर्च शून्य. ते मंडळ १९३२ चं आहे, आपल्यासारखं काल-परवाचं नाही.

बापूकाका

---

प्रसाद, ९.०२

मनीषा, रद्द कर. निदान थांबा तरी बदल.

मी लंडनला राहिलोय म्हणून सांगतो. २५ डिसेंबरला तिथे ट्यूब (भुयारी रेल्वे) बंद, बस बंद, लोकल गाड्या बंद. कमी नव्हे, बंद. हीथ्रोवरून शहरात जायला टॅक्सी नाहीतर तुरळक कोच, आणि त्या दिवशी टॅक्सीवाले मागतील तो दर. गेलीस तरी डिकन्सचं घर बंद, ब्रिटिश लायब्ररी बंद, दुकानं बंद. मुलांना घेऊन विमानतळाजवळच्या हॉटेलात टीव्ही बघत बसाल. तुझं तिकीट स्वस्त आहे ते उगाच नाही.

बापूकाका, वेगवेगळ्या तिकिटांचा हिशोब तुम्ही अर्धाच सांगता. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशावर विमानकर असतो. लंडन-मुंबईला इकॉनॉमीत २०२५ च्या एप्रिलपासून माणशी ९० पौंड, २०२६ च्या एप्रिलपासून १०२. एकाच तिकिटावर असाल आणि पुढचं विमान २४ तासांच्या आत असेल तर हा कर लागत नाही. तिकिटं वेगळी केली की दोन तासांचा थांबा असला तरी लागतो. सोळाच्या खालच्या मुलांना इकॉनॉमीत माफ आहे, म्हणजे मनीषाला दोघांचाच भरावा लागेल. तरी १८० पौंड ते १८० पौंडच. शिवाय पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरं तिकीट गेलं. ती जबाबदारी कुणाचीच नसते.

प्रसाद

---

बापूकाका, ९.२०

प्रसाद, कराचं मला माहीत आहे. तिकिटाच्या दरात तो धरलेलाच असतो, वेगळा थोडाच मागतात? आणि टॅक्सीचं म्हणशील तर चौघांत वाटून घेतली की माणशी फार पडत नाही.

बापूकाका

---

शैलजाताई, ९.५५

नमस्कार.

मनीषा, तुझ्या धाकटीने डिकन्स वाचावा, चांगलंच आहे. पण रत्नागिरीला जाते आहेस आणि यादीत मालगुंड नाही, हे वाचून वाईट वाटलं. गणपतीपुळ्याहून अगदी जवळ. केशवसुतांचं जन्मस्थान असलेलं कौलारू घर जपलं आहे, शेजारी स्मारक आहे. कोकण मराठी साहित्य परिषदेने मधु मंगेश कर्णिकांच्या पुढाकाराने ते उभं केलं, १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते उद्घाटन झालं. रत्नागिरीहून आरे-वारेच्या समुद्राकाठच्या रस्त्याने गेलीस तर मुलं मोबाइलमधून डोकं वर काढतील. विमानाचं तिकीट लागत नाही, व्हिसा लागत नाही. नाताळातही उघडं असेल, पण निघण्याआधी कुणाकडून तरी विचारून घे.

आणि बाबासाहेबांचं घर जरूर बघ, पण ते साहित्यस्थळ म्हणून नको, ऐतिहासिक वास्तू म्हणून बघ. दोन्हींची सरमिसळ होते हल्ली.

एक सर्वसाधारण सूचना: साहित्यसहलीसंबंधीचे प्रश्न आधी ग्रंथालय समितीकडे यावेत असं मागच्या वार्षिक सभेत ठरलं होतं. समितीकडे अशा ठिकाणांची टिपणं आहेत.

शैलजा

---

विद्या, १०.३०

शैलजाताई, शेवटून दुसऱ्या परिच्छेदाबद्दल. 'मूकनायक' १९२० च्या जानेवारीत सुरू केला कुणी? त्याच वर्षी ते पुन्हा लंडनला गेले. किंग हेन्रीज रोडच्या त्या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले, आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा रुपयावरचा प्रबंध १९२३ मध्ये पुस्तक म्हणून आला. दादरचं राजगृह तर ग्रंथांसाठी बांधलं असंच सांगतात. मराठी पाक्षिक काढणारा, एवढं लिहिणारा माणूस जिथे राहून लिहीत होता ते साहित्यस्थळ नाही, तर मग कुणाचं आहे?

मनीषा, परत येताना तीन-चार दिवाळी अंक आणशील का? कोणते ते कळवते. पैसे लगेच पाठवते.

विद्या

---

शैलजाताई, १०.५०

विद्या, माझं म्हणणं त्यांच्या लेखनाबद्दल नव्हतंच, हे तुला कळायला हवं होतं. ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली घेतलं तेव्हा आपल्या मंडळाच्या अंकात त्यावर मीच लिहिलं होतं. फक्त एवढंच, की प्रत्येक ठिकाणाला 'साहित्य' चिकटवलं की मालगुंडसारख्या ठिकाणांकडे कुणी फिरकत नाही.

दिवाळी अंक ग्रंथालयासाठी दरवर्षी मागवले जातात. वेगळे आणायची गरज नाही.

---

विद्या, १०.५८

येतात फेब्रुवारीत, ताई.

---

अभिजित, ११.१०

मंडळी, मनीषाला रात्री नऊपर्यंत ठरवायचंय. अंकांसाठी वेगळी मेल करा.

जाता जाता: २५ ला वेस्टमिन्स्टर ॲबीत पर्यटक म्हणून जाता येत नसलं तरी नाताळच्या प्रार्थनेला कोणीही जाऊ शकतं, फुकट. डिकन्स तिथेच पुरलेला आहे, कवींच्या कोपऱ्यात, १८७० मध्ये. प्रार्थनेच्या वेळी हिंडून फोटो मात्र काढता येणार नाहीत. आणि तिथवर जायचं कसं, हा प्रसादचा प्रश्न आहे तसाच आहे.

अभिजित

---

मनीषा, दुपारी १२.२५

प्रसाद, धन्यवाद, बरं झालं सांगितलंस. पण २४ ची रात्र सोडली तर दर चढतातच. आणि निखिलचं काय? त्याला ब्रिटनचा व्हिसा काढावा लागेल का? शैलजाताई, मालगुंड नक्की, तीसला जमतंय.

---

प्रसाद, १२.५०

निखिलला अमेरिकेचं ग्रीन कार्ड आहे, म्हणून विमानतळावरच थांबायचं असेल तर व्हिसा लागत नाही. बाहेर पडायचं असेल तर 'ट्रान्झिट विदाउट व्हिसा' नावाची सवलत आहे: विमानाने यायचं, विमानानेच जायचं, आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री ११.५९ च्या आत देश सोडायचा. पुढच्या प्रवासाचं पक्कं तिकीट आणि ग्रीन कार्ड हातात हवं. सोडायचं की नाही हे शेवटी इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याच्या हातात असतं, तो हक्क नव्हे. ज्याला ती धाकधूक नको त्याने साधा व्हिजिटर व्हिसा काढावा, २०२५ मध्ये त्याला १२७ पौंड पडत.

तुम्हा तिघांना बाहेर पडायचं तर आधी ऑनलाइन परवानगी, ईटीए. २०२५ मध्ये माणशी १६ पौंड होती, मुलांनाही लागते. विमानतळाच्या आतच राहिलात तर लागत नाही. बापूकाका, तुमच्या वेगळ्या तिकिटात सामान घेऊन बाहेर येऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, म्हणजे ईटीए आलीच.

प्रसाद

---

बापूकाका, १.१५

आमच्या वेळी ही ईटीए-बिईटीए नव्हती. सामानाचं म्हणशील तर आम्ही एकेक हातातली बॅग घेऊन गेलो होतो. मुंबईला जाताना चार-चार मोठ्या बॅगा कशाला लागतात हेच मला कळत नाही. तिथे सगळं मिळतं.

---

विद्या, १.२०

काका, जाताना नाही लागत. येताना लागतात.

---

गौरी, २.०५

नमस्कार. मी या मेल-यादीवर फक्त वाचते, क्वचितच लिहिते, पण हे सांगावंसं वाटलं. लंडनचा थांबा जाताना कशाला? येताना घ्या ना. जाताना २४ चंच विमान ठेवा आणि पुढचं त्याच दिवशीचं घ्या. विमानं २५ ला चालू असतात, बाहेर पडायचंच नसेल तर ट्यूब बंद असली तरी काय बिघडतं? दिवसभराचा थांबा जानेवारीत परतीला ठेवा. तिकीट काढताना 'मल्टी-सिटी' निवडून परतीचा पर्याय बदलून बघा. एकच तिकीट, २४ तासांच्या आतला थांबा, म्हणजे प्रसाददादा म्हणतात तो करही नाही. सामान थेट नेवार्कपर्यंत टॅग करून मिळतंय का ते मुंबईला चेक-इन करताना विचारा. रात्रीच्या थांब्याला कधी देतात, कधी नाही.

मार्ग असा. हीथ्रोहून पिकॅडिली लाइन, थोडी हळू पण सरळ आणि स्वस्त. रसेल स्क्वेअरला उतरा. तिथून ४८ डाउटी स्ट्रीट चालत दहाएक मिनिटं. डिकन्स १८३७ ते १८३९ या काळात तिथे राहिला, 'ऑलिव्हर ट्विस्ट' तिथेच पूर्ण केली, म्हणजे धाकटीचं अगदी बरोबर आहे. पुढे चालतच ब्रिटिश लायब्ररी. तिथलं दुर्मीळ ग्रंथांचं दालन फुकट आहे, जेन ऑस्टेनचं लिहिण्याचं छोटं मेज बघता येतं. मग किंग्ज क्रॉसहून नॉर्दर्न लाइनने कॅम्डेन टाउन, आणि पुढचंच स्टेशन चॉक फार्म. बाबासाहेबांचं घर, १० किंग हेन्रीज रोड, तिथून चालत पाच-सात मिनिटं. प्रवेश फुकट. शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे ते संग्रहालय म्हणून चालवायला तिथल्या पालिकेने २०१८ मध्ये नकार दिला होता, २०२० मध्ये परवानगी मिळाली. उघडण्याच्या वेळा आदल्या दिवशी खात्री करून घ्या, हे महत्त्वाचं.

वेळ उरला तर त्याच लाइनवर दोन स्टेशनं पुढे हॅम्पस्टेड. कवी कीट्सचं घर तिथे आहे, आणि टेकडीवर 'व्हेल ऑफ हेल्थ'मध्ये रवींद्रनाथ १९१२ साली राहिले होते त्या घरावर निळी पाटी आहे. पाटी बघायला तिकीट नाही आणि वेळही नाही, पण जानेवारीत चारनंतर अंधार पडतो. हॅम्पस्टेड आधी ठेवलंत तरी चालेल.

मुलांसाठी स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला ऑयस्टर या प्रवासाच्या कार्डावर 'यंग व्हिजिटर' सवलत घालायला सांगा, अर्ध्या दरात होतं. मोठ्यांनी बँकेचं कार्ड टॅप केलं की पुरे, दिवसाची मर्यादा आपोआप लागते.

गौरी

---

शैलजाताई, २.४०

गौरी, फार छान. हे टिपण ग्रंथालय समितीकडे पाठवशील का? आमच्या संग्रहात लावू. ब्रिटिश लायब्ररीत जुन्या मराठी छापील पुस्तकांचा आणि हस्तलिखितांचा मोठा साठा आहे, ब्लूमहार्ट नावाच्या अभ्यासकाने त्यांची सूची केली होती, हे त्यात जोडायला हवं. मात्र ती बघायला वाचक-पास लागतो, दालनात मांडलेली नसतात.

भिलारही विसरू नका. मुंबईला परतताना पुण्यावरून येणार असाल तर वाई-पाचगणीमार्गे जाता येतं. २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव म्हणून सुरू झालं तेव्हा पंचवीस ठिकाणी, घरांत-देवळांत पुस्तकं मांडली होती. मुलं माडीवर बसून वाचतात, कोणी उठवत नाही.

---

निखिल, ३.३०

(मनीषाच्या वतीने) भिलार जमणार नाही, आईला घाट लागतो.

---

मनीषा, रात्री ८.२०

झालं. जुनं रद्द केलं, पैसे परत येतील असा मेल आला. जाताना २४ ला रात्री, हीथ्रोला तीन तास, आतच. परतीला ८ जानेवारीला सकाळी लंडन, ९ ला सकाळी तिथून नेवार्क. आधीच्या तिकिटापेक्षा साठ डॉलर जास्त पडले, चौघांचे मिळून. ८ ला गुरुवार आहे, डिकन्सचं घर उघडं दिसतंय. आंबेडकर हाउसला विचारून ठेवते.

निखिल म्हणतोय व्हिसा नकोच, अधिकाऱ्याने नाही सोडलं तर तो विमानतळावर बसून क्रिकेट बघेल.

विद्या, चार अंक, जास्त नाही. यादी मला वेगळी पाठव. गौरी, तुला पिकनिकला भेटू.

मनीषा

---

अभिजित, ८.३५

विषय बंद. अंकांची मागणी थेट मनीषाकडे नको, विद्याने एकत्र करावी.

---

बापूकाका, ८.५०

विद्या, माझ्यासाठी एक 'मौज'. आणि मनीषा, परतीचं लंडन-नेवार्क वेगळं घेतलं असतं तर किती पडलं असतं, ते बघितलं होतंस का? नुसतं विचारतोय.