आर: तालुकानिहाय टी-टेस्ट लावली, तर सगळ्या तालुक्यांची पी-व्हॅल्यू एकच येतेय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नाशिक जिल्ह्यातल्या उन्हाळ कांद्याच्या साठवणुकीवर एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे. एप्रिलमध्ये कांदा चाळीत भरला, तेव्हापासून सप्टेंबरपर्यंत दर महिन्याला घट मोजलीय. सड, कोंब, वजन सगळं धरून, मूळ वजनाच्या टक्क्यांत. तालुके निफाड, येवला, चांदवड, देवळा, कळवण आणि बागलाण. चाळी दोन प्रकारच्या: साधी आणि सुधारित (खालून हवा खेळणारी).

प्रत्येक तालुक्यात या दोन चाळींच्या घटीत फरक आहे का, हे गाईडना हवंय. आर या आकडेमोडीच्या भाषेतल्या डीप्लायर पॅकेजमध्ये 'ग्रुप बाय' तालुका केलं (म्हणजे तालुक्यागणिक गट), 'समराइज'मध्ये टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीची तुलना) लिहिली आणि कॉलम 'डेटा डॉलर घट', 'डेटा डॉलर चाळ' असे ($ चिन्ह लावून) दिले. टेबल छान येतं, पण सहाही ओळींत पी-व्हॅल्यू (खरा फरक नसताना योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) शेवटच्या दशांशापर्यंत तीच! एकेक तालुका फिल्टर करून हाताने चालवलं की उत्तरं वेगळी येतात. देवळ्याला मात्र एरर येतो, की ग्रुप बरोबर दोनच हवेत. तिथे सुधारित चाळ मिळालीच नव्हती.

प्रतिसाद:
देवळ्यात एकच प्रकार असूनही टेबलात पी-व्हॅल्यू आली, तिथेच चोर सापडला. 'डेटा डॉलर घट' म्हटलं की आर ग्रुप बघतच नाही, अख्खा कॉलम उचलतो. म्हणजे तुम्ही एकच टेस्ट सहा वेळा चालवताय. 'डेटा डॉलर' काढा, नुसतं 'घट टिल्डा चाळ' (टिल्डा म्हणजे ~ चिन्ह) लिहा. देवळा आधीच गाळा, नाहीतर त्याच्या एररने सगळंच थांबेल. डीप्लायर नको असेल तर 'स्प्लिट' आणि 'एल-अप्लाय' ही आरची मूळ फंक्शन्स आहेतच.

एकदम बऱ्याच टेस्ट केल्या की पी-व्हॅल्यू सुधारून घ्याव्या लागतात, म्हणून उरलेल्या पाच पी-व्हॅल्यू 'पी डॉट अ‍ॅडजस्ट'मधून काढा. काही सांगितलं नाही तर तो होल्म (Holm) यांची पद्धत वापरतो. फरक कुठेच नसला तरी 0.05 ची मर्यादा ठेवलेल्या पाच स्वतंत्र टेस्टमध्ये एखादी तरी खोटाच फरक दाखवण्याची शक्यता 23 टक्क्यांच्या आसपास जाते. व्हायवाला हे हमखास विचारतात.

पण मला जास्त खटकतंय ते वेगळंच. एका चाळीच्या दर महिन्याच्या नोंदी तुम्ही वेगवेगळ्या ओळी म्हणून टेस्टला देताय का? चाळ तीच, कांदा तोच. टी-टेस्टला त्या सुट्या नोंदी वाटतील आणि पी-व्हॅल्यू उगाच बारीक येईल.

मूळ धागाकर्ता:
डॉलर काढल्यावर देवळ्याचा एरर टेबलातही आला, बरं वाटलं! महिन्यांचं खरंय, सगळ्या ओळी तशाच दिल्यात. मग चाळीमागे सरासरी घेऊ का?

प्रतिसाद:
सरासरी नको. घट मूळ वजनावर काढलीय, म्हणजे सप्टेंबरच्या आकड्यात मागचं सगळं आलंच. चाळीमागे तेवढी एकच ओळ ठेवा. आणि सुधारित चाळीचा फायदा तालुक्यागणिक बदलतो का, हा गाईडचा खरा प्रश्न असेल, तर सुट्या टेस्टपेक्षा 'एलएम'मध्ये (आरचं लिनियर मॉडेलचं फंक्शन) चाळ गुणिले तालुका असं एकच मॉडेल बसवा. एका तालुक्यात पी 0.04 आणि दुसऱ्यात 0.07 आली, म्हणून ते दोन तालुके वेगळे ठरत नाहीत. प्रत्येक तालुक्यात दोन्ही प्रकारच्या किती चाळी आहेत, ते टाका इथे.