गाडी कोणाच्या नावावर, चालवली कोणी? पहिल्या गाडीचे अनुभव

सकाळी मनात आलं, संध्याकाळी टेस्ट ड्राइव्ह घेतली आणि आठवड्यात गाडी दारात, हे आपल्याकडे तसं अलीकडचं. मोटारींच्या उत्पादनावरचं परवान्याचं बंधन १९९३ मध्ये उठलं. त्याआधी अँबॅसेडर, पद्मिनी, कुठेतरी एखादी स्टँडर्ड, आणि डिसेंबर १९८३ पासून मारुती ८००. यादी जवळजवळ संपलीच. पैसे तयार असले तरी नंबर लावायचा आणि वाट बघायची.

त्या काळातल्या किंवा त्यानंतरच्या तुमच्या पहिल्या गाडीबद्दल लिहा. अ‍ॅव्हरेज किती देत होती ते नको. गाडी कोणाच्या नावावर होती आणि प्रत्यक्षात वापरली कोणी, ते सांगा. माझा असा संशय आहे की गाडी घेणाऱ्याच्या वाट्याला ती सगळ्यांत कमी येते.

आमच्यापासून सुरुवात करतो. बाबांनी पद्मिनी बुक केली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो, आली तेव्हा कॉलेजात. मधल्या काळात "नंबर विकता का, वर पैसे देतो" असं विचारणारे दोघे-तिघे घरी येऊन गेले. आई त्यांना चहा द्यायची आणि बाबांच्या आधी स्वतःच नाही म्हणायची. रंग निवडायचा प्रश्नच नव्हता, आला तो घेतला. तोवर बाबांची पन्नाशी उलटली होती आणि त्यांना गाडी शिकायचा उत्साह राहिला नव्हता. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असल्यामुळे पुढे सलग सीट होती, तिथे तिघं बसायचे: मी चालवायला, मधे आई, खिडकीशी बाबा. चोक किती ओढायचा आणि खंडाळ्याच्या घाटात रेडिएटरसाठी कुठे थांबायचं, हे मात्र तेच सांगणार. शिंग्रोबाला नाणं टाकायचं कामही त्यांचंच. खिडकीची तिकोनी काच वळवली की वारा थेट तोंडावर यायचा. एसी नसल्याचं दुःख आम्हाला कधी झालं नाही.

*

आमच्याकडे अगदी उलट. दादांनी मारुती घेतली आणि चावी कोणालाही दिली नाही. स्वतःही फारशी चालवली नाही. सीटवरचं कारखान्यातून आलेलं प्लास्टिक कित्येक वर्षं तसंच होतं, उन्हाळ्यात ते मांड्यांना चिकटायचं. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी कव्हर काढून गाडी जागेवरच सुरू करायची, आम्ही भावंडांनी आत बसून काचा खाली-वर करायच्या, मग इंजिन बंद, कव्हर परत. विकली तेव्हा घेणाऱ्याला मीटरचा आकडा खरा वाटेना. तेव्हा तुमचा संशय आमच्यापुरता खोटा. ती कोणाच्याच वाट्याला आली नाही!

*

नावावर नवऱ्याच्या, चालवली मी. त्याची बदली झाली आणि आमची ८०० पुण्यात माझ्याजवळ राहिली. मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतात, त्यामुळे आपल्याला येतंय असं वाटत राहतं. स्वतःच्या गाडीत पहिल्यांदा चढावर सिग्नल लागला आणि मागे रिक्षा येऊन चिकटली, तेव्हा समजलं की शिकणं आता सुरू होतंय. हँडब्रेक ओढून ठेवायचा, क्लच हळूहळू सोडत गाडीचं नाक जरा उचललं गेलं की मग हँडब्रेक सोडायचा. हे मला स्कूलमध्ये कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या इमारतीतल्या, एसटीतून निवृत्त झालेल्या एका ड्रायव्हरकाकांनी सांगितलं, आणि एका रविवारी कात्रजच्या घाटात नेऊन करून घेतलं.

खरा वैताग गॅरेजचा. प्रश्न मी विचारायचे आणि मेकॅनिक उत्तर द्यायचा शेजारी उभ्या असलेल्या माझ्या दहावीतल्या मुलाला. त्याला तेव्हा क्लच-प्लेट म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. पुढेपुढे मी त्याला बरोबर न्यायचं बंद केलं. मग उत्तरं मला मिळू लागली आणि बिलंही कमी झाली. हा योगायोग असेलही.

*

आमचं गाव परभणी जिल्ह्यात, डांबरी रस्ता सोडून बरंच आत. कापसाच्या एका बऱ्या वर्षानंतर अण्णांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, औरंगाबादहून जुनी पांढरी डिझेल अँबॅसेडर आणली. गावात ट्रॅक्टर होते, मोटारसायकली होत्या, पण चारचाकी हीच पहिली. दुसऱ्या दिवशीपासून ती अण्णांची राहिली नाही.

अण्णांचा नियम साधा होता. दवाखान्याला जायचं असेल तर रात्री कितीही वाजता दार वाजवा, पैसे विचारायचे नाहीत. लग्नाला न्यायची असेल तर आधी डिझेल टाका. नवऱ्या तिच्यातून आल्या, नवऱ्या तिच्यातून गेल्या. पुढे चार, मागे सहा आणि पोरं मांडीवर, हा नेहमीचा हिशेब. डिकीत खताची पोतीही जायची, पण त्याच्यावर अण्णा चिडायचे. एकदा पावसाळ्यात परभणीला नेताना एक बाई वाटेत गाडीतच बाळंत झाली. सोबत तिची सासू होती, ती खंबीर. अण्णा बॅटरी आत धरून, तोंड फिरवून चिखलात उभे. ती मुलगी आज नर्स आहे. गावात आली की म्हातारी माणसं अजून तिला मोटारीवरून चिडवतात.

आणि अण्णा स्वतः? बाजारच्या दिवशी एसटीच्या फाट्यापर्यंत पायी. विचारलं तर म्हणायचे, "गाडी गेलीय ना." काकूंना या उदारपणाचं कौतुक अजिबात नव्हतं. टायर, ग्रीसिंग, नोझलचा खर्च घरातूनच व्हायचा, आणि काकूंच्या माहेरी जायचं म्हटलं की नेमकी कोणाची तरी वरात असायची. त्यांची बाजू मला आता जास्त पटते.

नंतर गावापर्यंत रस्ता झाला, काळी-पिवळी जीप सुरू झाली आणि दार वाजायचं थांबलं. शेवटी ती भंगारात वजनावर गेली. मागचं सीट तेवढं काढून घेतलं, ते ओट्यावर आहे. दुपारी झोपायला झकास.

*

नावावर माझ्या, हप्ता माझा, गाडी बहिणीची. शनिवारी मला हवी असेल तर गुरुवारी सांगून ठेवावं लागतं. यापेक्षा जास्त काही लिहिण्यासारखं नाही.

*

मी सांगलीत गॅरेज चालवतो, म्हणून वेगळ्या बाजूनं लिहितो. पहिली गाडीवाला लगेच ओळखू येतो. तो आवाज घेऊन येतो. "डावीकडून कुईं होतंय." चक्कर मारायला गेलो की आवाज गप्प. निम्म्या वेळा डॅशबोर्डच्या कप्प्यात सुटी नाणी निघतात. दुसऱ्या गाडीच्या वेळी हाच माणूस सायलेन्सर लोंबेपर्यंत फिरकत नाही.

जुनी घेणाऱ्यांना एवढंच सांगतो: रंगावर जाऊ नका. मॅट उचलून खालचा पत्रा बघा, वेल्डिंगचे डाग बघा. इंजिन थंड असताना सुरू करून बघा, विकणारा गरम करून ठेवतो. आरसी बुकावरचा चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः जुळवा, आणि जुन्या कर्जाचा बोजा उतरलाय का तेही त्यातच पाहून घ्या. माझी स्वतःची पहिली गाडी ओम्नी. मागची सीट काढून टाकलेली, त्यामुळे बायको म्हणायची की हा आपला टेम्पो आहे. खोटं नव्हतं, पोरं टूलबॉक्सवर बसून शाळेत गेली.

*

नॅनोचं कोणीच कसं लिहिलं नाही? २००८ च्या जानेवारीत दाखवली तेव्हा एक लाखाची गाडी म्हणून घरोघरी तोच विषय होता. बुकिंग इतकं झालं की पहिल्या गाड्या कोणाला द्यायच्या हे २००९ मध्ये सोडत काढून ठरवलं. म्हणजे परवाना जाऊन इतकी वर्षं झाली तरी आम्ही पुन्हा नंबर लागायची वाट बघत होतो. आमचा लागला. इंजिन मागे, आणि सुरुवातीच्या मॉडेलला मागचं दार उघडतच नसे, सामान आतून सीटमागे टाकायचं. सोलापूरच्या उन्हात आई-बाबा दोघं स्कूटरवर जायचे, ते त्यानंतर गेले नाहीत. लोकांनी "स्वस्तातली गाडी" म्हणून नाक मुरडलं. मुरडोत. ज्यांच्याकडे आधीपासून चारचाकी होती, तेच जास्त मुरडत होते.

*

वर पद्मिनीबद्दल वाचून विचारतो. वडिलांची पद्मिनी आमच्याकडे अजून चालू आहे. पंधरा वर्षं झाल्यावर री-पासिंग केलं, पुढे दर पाच वर्षांनी तेच, वर ग्रीन टॅक्स. तक्रार नाही. पण मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली, आणि टॅक्सीवाल्यांमुळे जे स्पेअर सहज मिळायचे ते आता शोधावे लागतात. डाव्या दाराचं काच फिरवायचं हँडल तुटलंय. सांगलीचे गॅरेजवाले, काही सोय होईल का?

*

होईल. हँडलच्या मागच्या दात्यांचा जवळून फोटो काढून ठेवा आणि जुनं टाकून देऊ नका. तेच हँडल नाही मिळालं तर दाते जुळणारं बसवता येतं. तोवर काच वर करून ठेवा, पावसाळा आहे.