जिन्यातल्या कुंडीत रोज पाणी कोण घालतंय?

बी-२०४: दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातल्या खिडकीत माझी छोट्या कोरफडीची कुंडी आहे त्यात रोज पाणी कोण घालतंय प्लीज सांगा, आज तिसऱ्यांदा विचारतेय. खालची चार पानं पिवळी पडून पाणी भरल्यासारखी लिबलिबीत झालीत, हात लावला की गळून पडतात 😔

सी-१०१: जिन्यात कुंड्या ठेवायच्या नाहीत असं मागच्या मीटिंगमध्ये ठरलंय.

बी-३०५: मीच घालते गं. जाता येता दिसायची, वाळून लालभडक झाली होती बिचारी. करपत होती म्हणून आत कोपऱ्यात पण सरकवली. कुणीच बघत नव्हतं म्हणून केलं

बी-२०४: काकू तुमची माया कळते, पण ती वाळली नव्हती. तो कोरफडीचा ख्रिसमस कॅरोल नावाचा हायब्रीड (संकरित प्रकार) आहे, भरपूर ऊन आणि बेताचं पाणी मिळालं की अशीच लाल होते, सावलीत गेली की हिरवी पडून पानं लांबट, पसरट होतात. दोन वर्षं लागली तो रंग यायला.

ए-४०२: कोरफडच ना ती? एक पान मला दे, चेहऱ्याला लावते 😄

बी-२०४: ताई कोरफडच, पण तोंडाला लावतात ती वेगळी. कोरफडीच्या ५००च्या वर जाती आहेत, अशा बऱ्याच छोट्या हायब्रीडमध्ये मादागास्करच्या बुटक्या जाती मिसळलेल्या असतात, सगळ्यांचा गर अंगाला लावायचा किंवा पोटात घ्यायचा नसतो. तुमच्या मांजराला पण चावू देऊ नका, त्रास होईल त्याला

ए-४०२: माझ्या मांजराला मधे आणायची काही गरज नव्हती.

सेक्रेटरी: मांजराचा विषय इथे नको, कृपया. आधीच खूप झालंय.

सी-१०१: मीटिंगमध्ये ठरलंय. जिन्यात कुंड्या नकोत.

बी-३०५: झाड म्हटलं की पाणी लागतंच, माझ्या गुलाबाला रोज घालते म्हणून तो फुलतो.

ए-१०३: वहिनी गुलाब वेगळा. ही झाडं पानातच पाणी साठवतात, दिवसा पानांची छिद्रं मिटून रात्री उघडतात त्यामुळे पाणी फारसं उडतच नाही. माती तळापर्यंत कोरडी झाली की मगच घालायचं, ते पण भरपूर, खालून निघेपर्यंत. आणि २०४, चूक थोडी तुमची पण आहे, नर्सरीतल्या कोकोपीटमध्येच (नारळाच्या काथ्याचा भुसा) ठेवलीय ना अजून? ते भिजलं की दिवसेंदिवस ओलं राहतं. निम्म्याहून जास्त जाड रेती किंवा परलाइट (पांढरे हलके खडे) घाला, खालची बशी काढा

बी-२०४: हो काका, ते मान्य. बदलायची राहून गेली.

सी-४०३: लिफ्ट परत अडकलीये कुणी बघणार आहे का???

सेक्रेटरी: मेकॅनिकला फोन केलाय.

ए-४०२: गळलेली पानं मातीत खोचून बघ, सक्युलंट (जाड पानांची झाडं) येतात तशी

ए-१०३: कोरफडीचं पान नाही येत हो, कुजतं नुसतं. बी लावून पण हीच येणार नाही, हायब्रीडचं बी वेगळंच निघतं. बुंध्याच्या बाजूला फुटलेलं पिल्लूच हवं.

बी-२०४: आत्ता कुंडी रिकामी केली. मुळं तपकिरी, कुजका वास येतोय. ब्लेड पुसून बुंधा कापत गेले, डाग दिसायचे थांबून आतला भाग टणक लागला तिथे थांबले. आता चार-पाच दिवस सावलीत उघडा सुकवणार, मग कोरड्या रेतीमातीत, लगेच पाणी नाही. मोठी वाचेल का खात्री नाही पण दोन पिल्लं निघालीत, दोघांना स्वतःची पांढरी मुळं आहेत!! रडायलाच आलं मला

सी-१०१: पिल्लं पण जिन्यात नकोत.

बी-२०४: काका वाचलं. चार वेळा वाचलं. माझ्या गॅलरीत दुपारी कडक ऊन येतं, तिथे एकदम ठेवली तर पानं भाजतील म्हणून जिना निवडला होता. आता रोज थोडं थोडं ऊन वाढवत गॅलरीत नेते, झालं?

सी-१०१: धन्यवाद 🙏

बी-३०५: मला वाईट वाटलं गं, एकदा बेल वाजवली असतीस तर ग्रुपवर यायची वेळच आली नसती. असो. माझ्याकडे पण तसलंच एक आहे, पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस आलाय, ते पण पाण्यानेच का?

बी-२०४: नाही काकू, तो मिलीबग आहे, रस शोषणारा पांढरा किडा. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन टिपून काढा, आठवड्याने परत बघा, आणि आज गुलाबापासून लांब ठेवा. मुळांवर पण असतो कधी कधी. मी येते संध्याकाळी, आपण दोघी कुंडी काढून बघू